मदत हवी आहे: न्यूरोपॅथीच्या (नसांच्या बिघाडाच्या) अभ्यासात बीडीएनएफ हे प्रथिन सीरममध्ये मोजावं की प्लाझ्मात?

टाइप २ मधुमेहींचे न्यूरोपॅथी असलेले आणि नसलेले असे दोन गट करून एनजीएफ, बीडीएनएफ (दोन्ही नसांच्या पेशींना जगवणारी प्रथिनं) आणि व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन) मोजायचे आहेत. सुरुवातीच्या नमुन्यांत सीरममधलं (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या द्रवातलं) बीडीएनएफ २५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आसपास, त्याच रुग्णांच्या प्लाझ्मात (गोठू न दिलेल्या रक्ताच्या द्रवात) त्याचा दहावा हिस्साही नाही. किट बिघडलंय का? गट १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटवर (पायाला टेकवून स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) पाडलेत.

प्रतिसाद १
किट ठीक आहे. रक्तातलं बहुतेक बीडीएनएफ प्लेटलेटमध्ये साठलेलं असतं, रक्त गोठताना ते बाहेर पडतं. सीरमचा आकडा म्हणजे मुख्यतः प्लेटलेटचा हिशेब. व्हीईजीएफचीही तीच गत. प्लाझ्मा घ्या: ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी, अर्ध्या तासात सेंट्रिफ्यूज. प्लाझ्मा उचलताना पांढऱ्या थराच्या जरा वरच थांबा, शेवटच्या थेंबाचा लोभ केला की प्लेटलेट आल्याच. मग नव्या नळीत पुन्हा फिरवा, छोटे भाग करून उणे ८० अंशांवर ठेवा. वितळवलेला भाग परत गोठवू नका. सीरमच घ्यायचं तर गोठू द्यायची वेळ सगळ्यांना सारखी ठेवा आणि प्लेटलेट काउंट नोंदवा.

किट प्रो-बीडीएनएफही पकडतं का, तेही पत्रकात बघा. ते कच्चं रूप पेशीवरच्या पी७५ या रिसेप्टरमार्गे पेशीला मरणाकडे ढकलतं, पक्कं रूप टीआरकेबी या रिसेप्टरमार्गे जगवतं. दोन्ही एकाच आकड्यात आली तर त्यातून कळणार काय?

प्रतिसाद २
मला गटांचीच जास्त काळजी वाटते. मोनोफिलामेंट जाड तंतू तपासतं. एनजीएफचा संबंध टीआरकेए (एनजीएफचा रिसेप्टर) असलेल्या, वेदना आणि तापमान नेणाऱ्या बारीक तंतूंशी. ते झिजलेले रुग्ण तुमच्या ‘न्यूरोपॅथी नाही’ गटात बसले असणार. नर्व्ह कंडक्शनही (नसेतून संदेश कसा जातो ती तपासणी) त्यांचं नॉर्मल येऊ शकतं. निदान टाचणी आणि गरम-थंड तपासा. जमलं तर घोट्याच्या १० सेंमी वर ३ मिमीची पंच बायोप्सी (त्वचेचा छोटा गोल तुकडा) घेऊन तंतू मोजा. मेटफॉर्मिनवाल्यांचं बी१२ आधी बघा, ते कमी असेल तर नसा त्यानेही बिघडतात.

धागाकर्ता
समजलं, गट नव्याने पाडतो. एनजीएफ कमी निघालं तर ते बाहेरून देऊन उपयोग?

प्रतिसाद २
देऊन झालंय. १,०१९ रुग्णांवर ४८ आठवड्यांची चाचणी, निकाल २००० साली छापला, मुख्य निकषावर फरक नाही. आधीच्या छोट्या चाचणीत फायदा दिसला होता, पण टोचलेली जागा दुखायची, त्यावरून खरं औषध कुणाला मिळतंय ते रुग्णाला ओळखता येत असावं. दुखणारच, एनजीएफ वेदनेची टोकं हुळहुळी करतं. म्हणून तर संधिवाताच्या दुखण्यावर एनजीएफ अडवणाऱ्या अँटिबॉडी आजमावल्या गेल्या.