४०० किलोचा रंधा टेम्पोतून उतरवून घरात कसा घ्यायचा? (ऐरोली, रो हाऊस)

ऐरोलीचा_भुसा

नमस्कार मंडळी, जरा तातडीचं आहे. वागळे इस्टेटमधला एक फर्निचरवाला वर्कशॉप बंद करतोय, त्याच्याकडून दोन मशिनी घेतल्यात, म्हणजे टोकन देऊन बसलोय त्यामुळे आता माघार नाही. एक १२ इंची सरफेस-थिकनेस कॉम्बिनेशन रंधा (लाकूड तासून सपाट आणि एका जाडीचं करायची मशीन), अख्खा बीडाचा म्हणजे ओतीव लोखंडाचा, आणि एक १८ इंची बँडसॉ, म्हणजे पट्टीची करवत. तो म्हणतो रंधा ४०० किलो भरेल आणि बँडसॉ अडीचशेच्या आसपास, पण काट्यावर कधी कोणी घातलेल्या नाहीत, अंदाजपंचे.

घर सिडकोचं रो हाऊस, मशिनी तळमजल्यावर पुढच्या खोलीत ठेवायच्यात. गेटच्या बाहेर गटाराचा ढापा, आत १४ फूट पेव्हर ब्लॉक, मग सहा-सहा इंचाच्या दोन पायऱ्या, मग उंबरठा. दरवाजा चौकटीच्या आतल्या मापाने ३३ इंच. रंध्याचा स्टँड २४ इंच रुंद आहे पण फेन्स (लाकूड टेकवायची पट्टी) आणि मोटर धरून ३८ होतो. टेम्पोवाला म्हणतो नाक्यावरून सहा माणसं घेऊ आणि उचलून ठेवू, हाय काय नाय काय. मला मात्र रात्री झोप नाही. कोणी केलंय का असलं काम? पुढच्या रविवारी आणायचंय, पाऊस सुरू व्हायच्या आत.

टर्रर्र_रुटर

हायड्रा क्रेन बोलव. विषय संपला.

कोपरखैरणेकर

अरे बाबा रो हाऊसच्या गल्लीत हायड्रा? दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात, हायड्राला वळायलाच जागा नसते आणि बूम वर केला की केबलवाल्यांच्या वायरींचं जाळं. महावितरणच्या वायरी आमच्याकडे जमिनीखालून आहेत पण इंटरनेटवाल्यांनी झाडावरून झाडावर जे काय लटकवलंय ते बघा एकदा. मी दोन वर्षांपूर्वी लेथ आणला तेव्हा हायड्रावाला रबाळ्याहून आला, कोपऱ्यावरूनच परत गेला आणि येण्याजाण्याचं भाडं मात्र घेतलं. शिवाय हायड्रा मशीन गेटच्या आत ठेवणार, पायऱ्या आणि दरवाजा तुझ्या नशिबी तसेच. तो काय खोलीत येऊन ठेवणार नाही.

वागळेला चढवताना मात्र तिथलाच एखादा फोर्कलिफ्ट मिळतोय का बघ. एमआयडीसीत शेजारच्या गाळ्यात असतोच, चहापाण्यावर काम होतं. फोर्क स्टँडच्या खालून घालायला लाव, टेबलाखालून नाही.

माटुंगा_खलाशी

मी रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमधून रिटायर झालो, खलाशी म्हणून लागलो होतो, त्यामुळे जड सामान हलवण्यातच जन्म गेला. सहा माणसांनी उचलायचा विचार आधी डोक्यातून काढा. ४०० भागिले ६ म्हणजे एकाच्या वाट्याला ६६ किलो हा हिशेब कागदावरचा आहे. पायरीवर मशीन तिरकं झालं की वरचे दोघं नुसता हात लावून उभे असतात आणि सगळा भार खालच्या दोघांवर येतो, त्यातल्या एकाची चप्पल सटकली की झालं. जड वस्तू उचलायची नसते, सरकवायची असते.

आधी हलकं करा. फेन्स काढा, मोटर काढा, बेल्ट काढा, जमत असेल तर सरफेसची दोन्ही टेबलं काढा. टेबलं काढायच्या आधी मोबाईलवर फोटो घ्या, आणि टेबलाखाली शिम म्हणजे पत्र्याचे पातळ तुकडे निघाले तर कुठला कुठून निघाला ते मार्करने लिहून ठेवा, नाहीतर नंतर लेव्हल करता करता दिवाळी येईल. फिरत्या कटर ब्लॉकमधली पाती काढा किंवा वर लाकडाची पट्टी बांधून टाका, बोटं फार सहज कापली जातात. एवढं केलं की तुमचा ४०० चा अडीचशे-पावणेतीनशे होईल आणि ३३ इंची दरवाज्यातूनही जाईल. दरवाज्याचं दारही बिजागऱ्यांतून काढून ठेवा, दीड इंच सुटतो.

आता उतरवणं. टेम्पोची बॉडी जमिनीपासून अडीच फूट धरू. तिथून १० फुटी उतार लावलात तर चारास एक पडतो, म्हणजे ३०० किलोचं मशीन उतारावरून ७५ किलोच्या जोराने खाली ओढ घेतं. घर्षणाने त्यातलं थोडं कमी होईल, पण रोलरवर असेल तर घर्षणाच्या भरवशावर राहू नका. ७५ किलो दोन माणसं दोराने आरामात धरतात. तोच उतार ५ फुटी केलात की दीडशे होतो, म्हणून फळी आखूड घेऊ नका.

उतारासाठी सेंटरिंगच्या फळ्या वापरू नका, त्या उन्हापावसाने कुजलेल्या असतात, वरून कळत नाही. एखाद्या फॅब्रिकेटरकडून १०० एमएमची दोन लोखंडी सी चॅनल एका दिवसासाठी मागा, मीटरला नऊ-साडेनऊ किलो भरतात, दोघं सहज उचलतील. वरच्या टोकाला पट्टी वेल्ड करून हूक करून घ्या म्हणजे टेम्पोच्या कडेवरून निसटणार नाहीत, आणि मध्यावर खाली लाकडाचा टेकू द्या.

मशीन नुसतं तसंच चॅनलवर ठेवायचं नाही. खाली दोन जाड लाकडी धावे, म्हणजे सरकायच्या पट्ट्या, बोल्टने कसा, स्टँडच्या पायांना भोकं असतातच. धाव्यांची पुढची टोकं होडीसारखी तासून घ्या. चॅनलला साबण किंवा मेण चोळा, ग्रीस नको, ग्रीसने मशीन तुमच्या आधी खाली पोचेल. दोर टेम्पोच्या केबिनमागच्या लोखंडी अँगलला दोन वेढे देऊन सोडत जायचा. दोन वेढ्यांवर एक माणूस मशीन धरून ठेवतो. दोर गेटच्या खांबाला बांधायचा नाही, तो विटांचा असतो.

टेम्पोच्या चारही चाकांना उटी, म्हणजे अडवायचे ठोकळे, लावा. हँडब्रेक आणि गियर दोन्ही. आणि मागच्या कडेला चेसिसखाली लाकडाचा टेकू घट्ट बसवा, कारण मशीन कडेवर आलं की मागची पाटं (स्प्रिंगा) दबतात आणि मशीन उतारावरून गेलं की टेम्पो एकदम वर उसळतो, तेव्हाच चॅनल निसटतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आमच्यातल्या एकाचा पाय गेला होता त्यात.

आणि उतरताना खालच्या बाजूला कोणीही उभं राहायचं नाही. मुलं, शेजारी, व्हिडिओ काढणारा भाचा, कोणी नाही. मशीन कलंडायला लागलं तर पडू द्या, हात घालू नका. बीड तुटलं तर वेल्डिंगवाला नाहीतर नवीन पार्ट मिळतो.

ऐरोलीचा_भुसा

काका खूप खूप आभार, हे प्रिंट काढून टेम्पोवाल्याला देणार आहे 🙏 पायऱ्यांचं काय करू? तिथेही उतारच लावू का? आणि पेव्हर ब्लॉकवर धावे सरकतील का?

माटुंगा_खलाशी

पेव्हरवर १९ एमएमच्या प्लायचे दोन तुकडे टाका, त्यावर एक इंची जीआय पाइपचे चार-पाच तुकडे, त्यावर धावे. मागून पाइप सुटला की उचलून पुढे ठेवायचा. वळवायचं असेल तर पुढचा पाइप हातोडीने थोडा तिरका ठोका, मशीन आपोआप तिकडे वळतं. पाइप जाड घेऊ नका, जेवढा जाड तेवढं मशीन उंचावर आणि पळतं पण जोरात. पाइप हलवताना बोटं पाइपच्या टोकाला धरा, खालून नको.

पायऱ्यांना उतार लावायची गरज नाही. पहार घ्या पाच फुटी. टोकापासून तीन इंचावर टेकू ठेवलात की १९ पट जोर मिळतो, म्हणजे २० किलोचा दाब दिला की पावणेचारशे किलो उचललं जातं. एक बाजू इंचभर उचला, खाली फळी सारा, मग दुसरी बाजू, फळी सारा. फळ्या एकावर एक आडव्या-उभ्या रचत न्यायच्या, त्यांची चळत होते. पायरीच्या पातळीला आलं की पाइपवरून आत. एक तास लागेल, लागू दे. चहा पीत करा.

गटाराच्या ढाप्याकडे मात्र लक्ष द्या. त्यावरून न्यायचंच असेल तर प्लाय ढाप्याच्या दोन्ही बाजूंना पक्क्या जमिनीवर टेकेल एवढा लांब पाहिजे.

सावली_वूडवर्क्स

बँडसॉबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो कारण मी माझा पाडलेला आहे. १८ इंचीचं वरचं चाक बीडाचं असतं, सगळा भार डोक्यात आणि पाय अरुंद, टेम्पो घोडबंदरला एका खड्ड्यातून गेला आणि नुसत्या दोरीने उभा बांधलेला बँडसॉ बाजूला झुकला आणि टेबलावर पडला. टेबलाला काही झालं नाही, पण टेबलाखाली तिरकं करायचा जो अर्धगोल तुकडा असतो तो दोन ठिकाणी चिरला. तो बनवून घ्यायला कुठलाच फाउंड्रीवाला एक नग ओतायला तयार नव्हता, शेवटी एका पॅटर्नवाल्याकडून लाकडाचा पॅटर्न (साच्यासाठी नमुना) करून दिला तेव्हा झालं, चार महिने मशीन बंद.

त्यामुळे: ब्लेड काढ, टेबल काढ, मग मशीन मागच्या खांबावर म्हणजे पाठीवर आडवं टाक, खाली दोन जुने टायर ठेव. उभं करताना घाई करू नको. १८ इंची साधारण सहा फूट दोन इंच असतं आणि मशीनची जाडी फूट-दोन फूट, कर्ण साडेसहा फुटांच्या आतच येतो त्यामुळे खोलीच्या छताला लागणार नाही, पण पंखा आधी काढून ठेव. मी नव्हता काढला.

टर्रर्र_रुटर

पंख्याचं ऐकून हसू आवरेना 😂 बरं माझा प्रश्न. मी कोलशेतला, चौथ्या मजल्यावर. असलाच रंधा गॅलरीत बसेल का? लिफ्ट आहे आठ माणसांची.

कोपरखैरणेकर

आठ माणसांची म्हणजे ५४४ किलो, प्रत्येकी ६८ धरतात. आकड्यात बसतं पण तो भार आठ माणसांचा पसरून असतो, तुझ्या पाइपावरच्या मशीनचा चार इंचांवर एकवटलेला, आणि लिफ्टमध्ये शिरताना आधी सगळा लिफ्टच्या उंबऱ्यावर. सोसायटी देणार नाही, देऊही नये. आणि राहत्या घराचा स्लॅब आयएस ८७५ या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन म्हणजे साधारण २०० किलोच्या हिशेबाने धरतात. गॅलरीचं तर नावच काढू नको. तू तुझं लाकूड कोरायचं राउटर मशीनच चालव भाऊ.

ऐरोलीचा_भुसा

झालं! आज सकाळी सात ते दुपारी साडेतीन. सविस्तर लिहितो, हात थरथरतायत म्हणून चुका माफ.

वागळेहून कळव्यामार्गे यायचं ठरलं होतं पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली उंचीचा विचार करून टेम्पोवाला मुलुंड-ऐरोली पुलावरून आला. बँडसॉ आडवाच होता, तरी त्याला भीती वाटली, मी काही बोललो नाही, त्याचा टेम्पो. फोर्कलिफ्ट शेजारच्या गाळ्यात खरंच मिळाला आणि खरंच चहावर काम झालं, चहा आणि सहा वडापाव.

चॅनल पटनीजवळच्या एका फॅब्रिकेटरने दिली. काका, तुमचे दोन वेढे म्हणजे जादू आहे, टेम्पोवाला आधी हसत होता, मग त्यानेच दोर हातात घेतला आणि इंच इंच सोडत गेला. रंधा टेबलं काढून बहुतेक अडीचशेच्याही आत आला असावा, कारण पहारेला फार जोर लावावा लागला नाही. पायऱ्यांवर फळ्यांची चळत रचायला सव्वा तास. आई मधेमधे येऊन विचारत होती, अजून तिथेच का.

चूक एकच झाली. ढाप्यावर प्लाय टाकला पण आखूड पडला, रंधा नीट गेला, बँडसॉ सोपा म्हणून निष्काळजीपणे ओढला आणि ढाप्याला मधोमध तडा. मशीनला काही नाही.

आता प्रश्न. रंध्याला ३ एचपीची थ्री फेज मोटर आहे, मीटर थ्री फेजचा आधीच घेतलाय. इलेक्ट्रिशियनने जोडून चालू केला तर मोटर उलटी फिरतेय. मोटर बिघडलीय का?

सावली_वूडवर्क्स

बिघडली नाहीये. तीनपैकी कुठल्याही दोन फेज वायरी अदलाबदल कर, सुलट फिरेल. पण बेल्ट काढूनच बघ, आणि दिशा पक्की होईपर्यंत पाती बसवू नको.

माटुंगा_खलाशी

शाब्बास. टेबलांना आजच तेलाचा हात मारा, खाडी जवळ आहे, पहिल्या पावसात बीडावर तांबूस थर येतो. ढाप्यावर तोवर एखादा पत्रा टाका, रात्री कोणाचा पाय जाईल.