भाल्याचं दगडी टोक दर वेळी मधोमधच का तुटतं?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. मी नेवासा तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. पोरांना अश्मयुग शिकवताना दरसाल तेच चित्र दाखवायचा कंटाळा आला, म्हणून दिवाळीच्या सुट्टीपासून दगडाचं भाल्याचं टोक स्वतः घडवायचा नाद लागलाय. अकरा मोडली होती. बारावं काल मोडलं.

दगड म्हणजे शेजारच्या विहिरीच्या खोदाईत निघालेल्या गारा. दुधी, जरा निळसर, तळहाताएवढ्या. नदीतल्या गोल गोट्यानं मारतो. दोन्ही अंगांनी ढलप्या काढत आकार येतो, पातळही होतं. शेवटी बुडाकडून एक ढलपी काढायला गेलो की टोक आडवं तुटतं, काडी मोडावी तसं. मारला तिथं ओरखडासुद्धा नाही आणि तुटतं दोन इंच पुढं!

दुसरं, कडेवरून काढलेली ढलपी बोटभर जाऊन मध्येच थांबते आणि पायरी पडते. ती घालवायला जोरात मारलं की तिच्यावर दुसरी पायरी. आता मधोमध उंटाच्या वशिंडासारखा उंचवटा झालाय.

तिसरं, तापवल्यावर दगड घडवायला सोपा जातो असं ऐकून एक गार थेट चुलीत घातली. फटाक्यासारखी फुटली आणि कपची दुधाच्या पातेल्यात. घरात अजून त्यावरून ऐकून घेतोय.

कुणी हे काम केलंय का?

ऑस्टिनकर

सर, बाराच मोडली ना? मी पहिलं धड टोक केलं तेव्हा गॅरेजमध्ये दोन बादल्या कपच्या साठल्या होत्या. मी मूळचा साताऱ्याचा, नोकरी संगणकाची, आणि गेली नऊ वर्षं शनिवार सकाळ याच कामात जाते. टेक्सासात राहण्याचा एक फायदा म्हणजे इथला एडवर्ड्स पठाराचा चर्ट, म्हणजे गारेसारखाच दगड. करडा, घट्ट, नितळ. सुमारे १३,००० वर्षांपूर्वी इथल्या अश्मयुगीन क्लोव्हिस लोकांनी याच दगडाची भाल्याची टोकं केली. त्यांची गॉल्ट नावाची जागा माझ्या घरापासून तासाभरावर आहे.

आधी तुमचं मधोमध तुटणं. लांब, पातळ दगडाला एका टोकाला ठोकलं की हादरा पार दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि दगड लवायला बघतो. त्याला लवता येत नाही, म्हणून जिथं जीव कमी तिथं तुटतो. घाव पडतो तिथं ढलपी न निघता सगळा जोर लांबीत गेला, की हेच होणार. तुम्ही टोक हातात अधांतरी धरत असणार. तसं नको. डाव्या मांडीवर जाड चामडं ठेवा (जुन्या चपलेचा तळ चालतो), टोक पूर्ण लांबीत त्यावर टेकवा आणि खालच्या अंगाला, जिथून ढलपी सुटायची तिथं, बोटांनी दाबून धरा. अर्धे अपघात इथंच थांबतील.

उरलेले अर्धे कडेमुळे होतात. नवशिका मारण्याचा विचार करतो, पण मुरलेला माणूस दहा मिनिटं कड तयार करतो आणि एकदा मारतो. धारदार कडेवर घाव घातला तर कडच चुरते, जोर आत जातच नाही, आणि ढलपी मध्येच दम सोडते. तीच तुमची पायरी. म्हणून कड आधी खरबरीत दगडानं घासून बोथट करायची. सहाणेचा तुकडा किंवा मोडका घासदगड चालेल. बोटाला लागणार नाही इतकी बोथट. मला हे पटायला वर्ष लागलं, कारण धार काढायला बसलेल्या माणसानं धार मारायची हे डोक्यात शिरत नाही.

मग जागा. टोक कडेनं डोळ्यासमोर धरलं की जाडीच्या मधून एक काल्पनिक रेघ दिसते. ज्या अंगाची ढलपी काढायची, मारायची जागा त्या अंगाकडे, रेघेच्या खाली हवी. तुमची कड रेघेवर किंवा वर असेल तर उलट्या बाजूनं बारीक कपच्या काढून ती खाली आणा. कोन काटकोनापेक्षा कमी हवा. आणि ढलपी उंचवट्याच्या धारेमागे जाते, पाणी पन्हाळीतून जावं तशी. सपाट जागी मारलं तर ती पसरून थांबते. म्हणून पायरीवर समोरून मारत बसू नका. पलीकडच्या कडेवरून, धार धरून, पायरीच्या खालून जाईल अशी ढलपी काढा.

तुमचा गोटा सुरुवातीच्या ओबडधोबड कामाला ठीक. पातळ करायला मऊ हत्यार लागतं, ते कडेला क्षणभर जास्त चिकटतं आणि ढलपी लांब, पसरट निघते. इथं आम्ही हरणाचं शिंग वापरतो, हंगामात आपोआप गळलेलं, बाजारात मिळतं. तुम्ही मात्र तिकडे चितळ-सांबराच्या शिंगाच्या नादी लागू नका. जंगलात पडलेलं उचललं तरी वन्यजीव कायद्यात अडकाल. तांबं घ्या. अर्थिंगची जाड तांब्याची तार वीतभर कापून लाकडी मुठीत ठोकली की शेवटची धार दाबून काढायचं हत्यार तयार. दाबून म्हणजे ठोकायचं नाही. टोक चामड्यावर, तार कडेवर, आधी आत रेटा आणि मग खाली झटका. टिकलीएवढ्या कपच्या पटापट सुटतात. दक्षिण आफ्रिकेतल्या ब्लॉम्बोस गुहेतली सुमारे ७५,००० वर्षांपूर्वीची टोकं तपासणाऱ्यांनी ही दाबायची रीत तिथंही ओळखली आहे, तीही आधी तापवलेल्या दगडावर.

तापवण्याचं: गारेत पाणी असतं. थेट जाळात घातली की वाफ वाट शोधते. आठवडाभर उन्हात वाळवा, वाळूनं भरलेल्या मडक्यात पुरा आणि आच इतकी हळू वाढवा की दिवस जाईल. अडीचशे अंश सेल्सिअसच्या आसपास पुष्कळ झालं. पूर्ण थंड होईपर्यंत उघडायचं नाही. मी एकदा उत्सुकतेनं रात्रीच झाकण काढलं आणि सहाच्या सहा तडकले. नीट जमलं तर नव्या घावावर मेण चोळल्यासारखी चकाकी येते.

बुडाकडून काढायची ती ढलपी म्हणजे क्लोव्हिस टोकांवरची पन्हाळच म्हणा, उथळ खाच. दोन्ही अंगांनी, बुडापासून साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत, काठीत बसायला सोपं पडावं म्हणून. ती सर्वात शेवटी आणि सर्वात अवघड. माझी निम्मी टोकं अजून तिथंच मोडतात. तुम्ही ती सध्या सोडा.

चष्मा आणि मास्क लावा, उघड्यावर बसा, वारा बाजूनं वाहता ठेवा. ती पांढरी धूळ सिलिकाची आहे, फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. पोरांना जवळ बसवू नका.

खापरी

वरचं सगळं मान्य, पण सरांना एक विचारते. भाल्याचंच टोक कशाला? मी पुरातत्त्व शिकलेय, खोदकामावरही बसलेय. आपल्याकडची चांगली गार काळ्या दगडाच्या पोकळीत धरलेली असते, म्हणून लहान, आत पोकळ किंवा स्फटिक भरलेली. एडवर्ड्सच्या पठारासारखे थर इथं नाहीत. चाळीसगावजवळच्या पाटण्याला, अश्मयुगीन जागेवर, काय मिळालं? छोटी पाती आणि सूक्ष्मास्त्रे, म्हणजे इवलीशी दगडी हत्यारं. नखाएवढी पाती लाकडाच्या खाचेत डिंकानं ओळीनं बसवली की भाला तयार, आणि एक पातं तुटलं तर तेवढंच बदलायचं. इनामगावच्या ताम्रपाषाण काळातल्या शेतकऱ्यांनीही कॅल्सिडनीची (गारेच्याच जातीचा दगड) लांब पातीच काढली: गाभ्याला, म्हणजे ज्या दगडातून पाती काढायची त्याला, आधी नागमोडी कणा घडवायचा, पहिलं पातं त्या कण्यावरून काढायचं, पुढची त्यामागून आपोआप सरळ येतात.

मोठं हत्यारच दाखवायचं असेल तर तुमच्या घराजवळ चिर्की ही अश्मयुगीन जागा आहे, तिथल्या हातकुऱ्हाडी काळ्या दगडाच्या आहेत. मात्र तिथला एकही दगड उचलू नका. विहिरीचाच मलबा वापरताय हे उत्तम. आणि तुमच्या कपच्या शेतात फेकू नका हो! पन्नास वर्षांनी कुणी विद्यार्थी त्यावर प्रबंध लिहील. खड्ड्यात पुरा आणि तळाला चालू सालाचं नाणं टाका.

जात्याची टाकी

माझे आजोबा गावोगाव जात्या-पाट्याला टाकी लावायचे. भाल्याचं मला कळत नाही. पण ते दगड हातात घेतला की आधी बोटाच्या पेरानं वाजवायचे. खणखणीत वाजला तर घ्यायचे, बद्द वाजला तर आत चीर आहे म्हणून टाकून द्यायचे. सर, तुमच्या बारांपैकी किती वाजवून घेतल्या होत्या?

प्रवराकाठ

ताई, एकही नाही. तुमचं वाचून उठलो आणि पडवीतल्या एकोणीस गारा वाजवल्या. सात खणखणीत. बाकीच्यांतल्या दोन फोडून बघितल्या, एकीत आत पोकळी आणि स्फटिक, दुसरीत केसाएवढी चीर.

ऑस्टिनकर, मांडीवर चपलेचा तळ घेऊन बसलो. कड घासताना हात शिवशिवत होते, तुम्ही म्हणता तसंच, धार मारायला जीव होत नाही. पण घासून मारलं आणि पहिल्यांदा ढलपी मधली रेघ ओलांडून पलीकडे गेली, वशिंडाचा अर्धा भाग सोबत घेऊन. उचलून उजेडात धरली तर आरपार दिसत होती.

खापरीताई, पोरांना भालाच हवाय, त्याला इलाज नाही. पण नखाएवढी पाती करून डिंकानं बसवायला त्यांनाही देता येईल, धार घासून. बाभळीचा डिंक चालेल का?

टोक साडेआठ सेंटिमीटर झालंय. एक कोपरा उडालाय, तो बुडाला आहे, बांधणीखाली जाईल. पन्हाळ काढायला हात गेला होता. मागे घेतला.

खापरी

बाभळीचा नुसता डिंक ठिसूळ होतो आणि ओल लागली की सुटतो. थोडं मेण आणि बारीक कोळसा मिसळा, मंद आचेवर. चूल सोडून दुसरीकडे कुठेतरी.