नोटरी केलेला करार पुरेसा नाही
घर भाड्याने देताना अकरा महिन्यांचा करार नोटरी केला की पुरे, हे मत मला धोक्याचे वाटते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाचीच असते आणि नोंदणी नसल्यास अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, ते खोटे ठरेपर्यंत, ग्राह्य धरले जाते. नोंदणी असेल तर मुदतीनंतरही घर न सोडणाऱ्याविरुद्ध कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) दाद मागता येते.

करारासोबत घराच्या स्थितीचा पुरावाही हवा. माझ्या मागच्या भाडेकरूने स्वयंपाकघराच्या ओट्यावरचा तडा आधीचाच असल्याचे सांगितले, तेव्हा माझ्याकडे एकही फोटो नव्हता. त्यामुळे आता किल्ली देतानाच ओटा, नळ, गिझर आणि वीजमीटरवरचे रीडिंग यांचे फोटो काढून मी भाडेकरूलाही पाठवतो.