नेरुळचं तळं राखायचं, तर पाण्याच्या वाटा कोण सांभाळणार?

नेरुळवासी:
ठाणे खाडीला भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि रोहित पक्ष्यांना (फ्लेमिंगोंना) उभं राहायला जागा उरत नाही. तेवढे तास ते नवी मुंबईत, नेरुळच्या डीपीएस तळ्यावर, एनआरआय संकुलामागच्या आणि टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीत येऊन थांबतात. ओहोटी लागली की परत खाडीत, चरायला. खाडीतलं १६९० हेक्टर २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडी जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही गेली. भरतीच्या वेळच्या या जागा मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर राहिल्या.

२०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळं कोरडं पडलं, कारण जेट्टीच्या कामात खाडीचं पाणी आत यायच्या वाटा बुजल्या होत्या. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने हे तळं संवर्धन राखीव क्षेत्र करायला मंजुरी दिली. फार आनंद झाला, पण मंजुरीने पाणी आत येत नाही. जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, कांदळवन वनखात्याकडे, पावसाचे नाले महापालिकेकडे. सगळ्यांनी बसून एकच आराखडा करावा. त्यात भरतीच्या पाण्याची प्रत्येक वाट नोंदलेली असावी, आणि ती मोकळी ठेवण्याची जबाबदारी कुणाची हेही. तुमचं मत काय?

दास्तान_फाटा:
माझा विरोध आहे. हे शहर आमच्या भातखाचरांवर आणि मिठागरांवर उभं राहिलं. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या आंदोलनात जासई-नवघरला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याची वाट मोकळी झाली. ते भूखंड आजही सगळ्यांच्या हाती आलेले नाहीत. त्यात तुमचा आराखडा म्हणजे नकाशावर आणखी एक रेघ आणि गावातल्या माणसाला आणखी एक ना-हरकत दाखला. पक्षी जगावेत असं मलाही वाटतं, पण दरवेळी गावठाणानेच का सोसायचं?

नेरुळवासी:
दादा, तुमचा राग रास्त आहे. पण एनआरआय-चाणक्यच्या पाणथळीवरून जो वाद उच्च न्यायालयात गेला, तो गोल्फ मैदानाचा आणि निवासी संकुलाचा होता. पाणथळ बुजली म्हणून गावाला भूखंड मिळाला, असं तिथे कुठेच होणार नव्हतं.

झडपवाला:
मी पावसाळी पाण्याच्या कामात आयुष्य घालवलंय. या शहराचा मोठा भाग सखल जमिनीवर भराव टाकून वसवला, म्हणून धारण तलाव ठेवले. ओहोटीला झडपा उघडतात, भरतीला मिटतात, आणि तोवर पावसाचं पाणी तलावात थांबतं. त्या तलावांत गाळ साचला, गाळावर तिवरं, म्हणजे कांदळवनाची झाडं, उगवली. २०१८ च्या उच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिवराला हात लावायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. धो-धो पाऊस आणि उधाण एकाच वेळी आलं की सेक्टरांत पाणी शिरतं, आणि लोक आम्हाला जाब विचारतात.

तुम्ही पाणी आत घ्या म्हणता, आमचं काम पाणी बाहेर काढायचं. इतक्या खात्यांची समिती हे कसं सोडवणार? समितीत कुणीच उत्तरदायी नसतं. एक खातं ठरवा, त्याला पैसा द्या आणि चुकलं तर त्यालाच धरा.

नेरुळवासी:
तुमच्याच प्रतिसादात माझा मुद्दा आहे! कोणत्या तलावातला गाळ काढायचा, कुठली तिवरं राखायची आणि कुठलं तळं भरतीसाठी उघडं ठेवायचं, हे एकाच नकाशावर ठरायला हवं. एकट्या खात्याला ते जमलं असतं तर तुमची फाईल न्यायालयाच्या दारात थांबली नसती.

उलवेकर:
नवी मुंबई विमानतळाचं काय? ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. जवळ पक्ष्यांची तळी ठेवणं म्हणजे प्रवाशांच्या जिवाशी खेळ. २०२४ च्या मे महिन्यात घाटकोपरला विमानाच्या धडकेत तीसहून जास्त रोहित मेले, विसरलात?

नेरुळवासी:
विसरले नाही. पण तळी बुजवून थवे खाडी सोडणार नाहीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने बजावलंय की भरतीच्या या जागा गेल्या तर पक्षी दुसरीकडे, अगदी विमानतळाच्या आवारातही, उतरू शकतात. धोका नेमका त्यानेच वाढेल. म्हणून विमानतळवालेही त्या बैठकीत हवेत.

खाडीवाला:
ताई, एवढी खाती मोजलीत, कोळी कुठे आहे? राखीव क्षेत्राच्या समितीत कायद्याने वनखातं, ग्रामपंचायत, तीन स्वयंसेवी संस्था, शेती आणि पशुसंवर्धन एवढेच. नेरुळमध्ये ग्रामपंचायतच नाही. म्हणजे गावाचा माणूस कुठून येणार? मासेमाराला तर त्या यादीत जागाच नाही. पाण्याची वाट कुठे अडली, हे उधाणाच्या दिवशी होडीतून आम्हाला दिसतं. पूर्व कोलकात्याच्या पाणथळी सांडपाण्यावर मासे वाढवणाऱ्यांनी टिकवल्या. इथे आम्हाला नुसतं 'जाळं टाकू नका' सांगितलं, तर आम्ही आराखड्याला विरोधच करणार.

नेरुळवासी:
तुमचं म्हणणं पूर्ण मान्य. मासेमार सोसायट्यांचे प्रतिनिधी नुसते निमंत्रित नकोत, त्यांना मताचा अधिकार हवा, हे मी मागणीत घालते. महापालिका आणि सिडकोही त्या यादीत नाहीत, त्यामुळे शासनाने वेगळा आदेश काढून व्यापक समिती नेमावी.

दास्तान_फाटा:
घाला. पण त्याच नकाशावर गावठाणांची आणि कोळीवाड्यांची हद्द आधी आखली पाहिजे. ती आखलेली दाखवा, मग गावात सह्यांसाठी मी स्वतः फिरेन. तोवर माझा विरोध कायम.