मदत हवी आहे: बेळगावात बीएमडब्ल्यू ३३०आय घ्यावी की मर्सिडीज सी ३००डी? चोर्ला घाट आणि बाबांचे गुडघे, दोन्ही सांभाळायचे आहेत

नमस्कार मंडळी. मी टिळकवाडीत राहतो, उद्यमबागेत आमचं मशीन शॉप आहे. बारा वर्षं एकच हॅचबॅक वापरली. आता ३५ लाखांपर्यंत जुनी पण दमदार सेडान घ्यायचीय. कृपया एसयूव्ही सुचवू नका, वळणात कलणारी गाडी मला नको वाटते.

स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस २४५ मनापासून आवडायची, पण २०२० साली भारतात आल्याच २००. धड मिळेना, तिचा नाद सोडला.

उरल्या दोन. बीएमडब्ल्यू ३३०आय (जी२० पिढी): २ लिटर टर्बो पेट्रोल, ताकद २५८ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ४०० एनएम. मर्सिडीज सी ३००डी (डब्ल्यू२०५ पिढी): २ लिटर डिझेल, २४५ पीएस, ५०० एनएम. दोन्ही रिअर व्हील ड्राइव्ह, म्हणजे मागच्या चाकांवर चालणाऱ्या. आकड्यात मर्सिडीजचा टॉर्क जास्त, ओव्हरटेकला ती ढकलते पण जोरात. तरी जीव ३३०आयवरच जडला. कोल्हापुरात चालवली तेव्हा पहिल्याच वळणावर समजलं, पुढची चाकं फक्त वळायचं काम करतात, ओढायचं नाही. स्टिअरिंग हातात हलकं नि स्वच्छ राहतं. आठ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गर्दीतसुद्धा झटका देत नाही.

पण ती गाडी घेतली नाही. डीलर म्हणाला, एकही टक्कर नाही. बॉनेट उघडून बघितलं तर उजव्या फेंडरच्या दोन बोल्टांच्या कोपऱ्यांवरचा रंग उडालेला, पान्याच्या खुणा ताज्या, म्हणजे फेंडर खोललेला. रोज बोल्ट खोलणाऱ्या माणसाला हे दिसतंच. विचारल्यावर उत्तर नीट आलं नाही. आता दुसरी ३३०आय बघितलीय, तीही एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग. ही स्वच्छ आहे.

माझ्या अडचणी:

महिन्यातून दोनदा कामासाठी गोव्याला जातो, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ल्याने. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. रस्ता जिथे उखडतो तिथे पाण्याखाली खड्डा किती खोल ते कळत नाही. या गाडीत रनफ्लॅट (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) टायर आहेत, स्टेपनी नाही. रात्री साडेनऊला घाटात टायरची साइडवॉल (बाजूची भिंत) फाटली तर करायचं काय?

दुसरं, बाबा ७४ वर्षांचे आहेत. त्यांना शोरूममध्ये बसवून बघितलं. एक हात छतावर, एक दारावर, आधी बूड टेकवलं नि मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला. बसल्यावर म्हणाले, "बसायला बरी आहे रे." उतरताना मात्र मला धरावं लागलं. त्यांना दर आठवड्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं.

आणि आमच्या गल्लीच्या तोंडाचा हंप! खालून घासणार का?

ज्यांच्याकडे यातली गाडी आहे त्यांनी मोकळेपणाने सांगा.

प्रतिसाद: निपाणीकर

दादा, मी चार वर्षं ३३०आय चालवतोय. तुमच्यासाठी तीच बरोबर. घर ते उद्यमबाग तीन-चार किलोमीटर. रोज एवढंच चाललं तर डिझेलचा पार्टिक्युलेट फिल्टर तापत नाही, आतली काजळी जळत नाही, चोंदतो. महिन्यातून दोनदा गोवा केल्याने ते सगळं निघेलच असं नाही. पेट्रोलला ही कटकट कमी.

टायरचं असं: रनफ्लॅट पंक्चर झाल्यावर साधारण ८० च्या वेगाने ८० किलोमीटर जाते. साध्या पंक्चरला घाट पार होतो. साइडवॉल फाटली तर मात्र रनफ्लॅटचाही भरवसा नाही. मी जाड साइडवॉलचे साधे टायर घातले आणि डिकीत स्पेस सेव्हर (बारीक स्टेपनी), जॅक, पाना ठेवला. डिकी अर्धी गेली, पण मनाला स्वस्थता आहे. पावसात ट्रॅक्शन कंट्रोल (चाकं घसरू न देणारी यंत्रणा) बंद करू नका आणि टायर झिजवून वापरू नका, मागची चाकं भिववणार नाहीत. हंपला तिरकी चढवा, एकेक चाक. चौघे बसले तर मीही एकाला उतरवतो.

पासिंगचा खर्च आधी काढा. कर्नाटकात २० लाखांवरच्या नव्या गाडीला लाईफ टॅक्स १८ टक्के नि वर सेस, जुनीला वयानुसार कमी. कोल्हापूर आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. बारा महिन्यांच्या आत नंबर बदलावा लागतो. तिकडे भरलेल्या टॅक्सचा उरलेला भाग परत मागता येतो, अर्ज टाका.

मूळ लेखक

निपाणीकर साहेब, फार उपकार झाले. फिल्टरचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं, सी ३००डी यादीतून काढली.

काल रात्री तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. त्यांच्याकडे इसुझू इंजिनाची काँटेसा होती, मी लहानपणी तिच्या मागच्या सीटवर झोपून गोव्याला गेलोय. म्हणाले, "तीही मागच्या चाकांवरच चालायची की. तेव्हा कुठलं ट्रॅक्शन कंट्रोल? घाटात उतरताना गिअर खाली टाकायचा आणि वळणाच्या आधी ब्रेक सोडायचा." मग स्वतःच म्हणाले, दाराच्या वरच्या कडेला धरायला काही लावता येतं का बघ.

तर आता एवढंच विचारतो: गुडघेदुखीच्या माणसासाठी दाराच्या लॉकच्या कडीत अडकवायचा आधाराचा दांडा किंवा फिरती गादी कोणी वापरलीय का? रविवारी त्यांना घेऊन गाडी पुन्हा बघायला जातोय.