संत ब्लेझच्या सणाला घशाचा आशीर्वाद: मेणबत्त्या पेटवायच्या का?

प्रश्न: ३ फेब्रुवारीला चर्चमध्ये घशाचा आशीर्वाद (गळ्याला मेणबत्त्या टेकवून घशाच्या आजारांपासून रक्षणासाठी केलेली प्रार्थना) आहे, तयारी आमच्या गटाकडे. मेणबत्त्या कुठल्या आणि पेटवायच्या का?

उत्तर १: २ फेब्रुवारीला, येशूच्या मंदिरातील समर्पणाच्या सणाला, आशीर्वादित केलेल्यांपैकीच दोन घ्या. सारख्या लांबीच्या, बारीक. फुलीसारख्या धरून छेदावर लाल फीत बांधा; संत ब्लेझ हुतात्मा होते आणि लाल हा हुतात्म्यांचा रंग. फीत सैल राहिली की चौथ्या-पाचव्या माणसालाच फुली फाकते आणि टोकं हनुवटीला टोचतात. घट्ट दुहेरी गाठ मारा.

उत्तर २: पेटवू नका! मेण कॉलरवर गळतं, मोकळ्या केसांना धोका वेगळाच. न पेटवता गळ्याला दोन्ही बाजूंनी हलकेच टेकवायच्या.

प्रश्नकर्ता: गर्दी फार आणि फादर एकटेच असतील तर?

उत्तर २: फादर सगळ्यांवर हात पसरून प्रार्थना एकदाच म्हणू शकतात, मेणबत्त्यांशिवाय. प्रापंचिक सेवकही (धर्मगुरू नसलेला, चर्चच्या सेवेतला सामान्य माणूस) गळ्याला मेणबत्त्या लावून प्रार्थना म्हणू शकतो, फक्त क्रुसाची खूण करायची नाही. इथेच हमखास चूक होते.

उत्तर १: मुलं विचारतीलच, घसाच का? संत ब्लेझ हे आर्मेनियातल्या सेबास्ते शहराचे बिशप, चौथ्या शतकातले हुतात्मा. घशात माशाचा काटा अडकलेला मुलगा त्यांनी वाचवला, अशी आख्यायिका आहे. लोखंडी फण्यांनी त्यांचा छळ झाला असं सांगतात, म्हणून लोकर पिंजणाऱ्यांचेही तेच आश्रयदाते. चित्रात हातात फणी दिसली तर दचकू नका.