मदत हवी आहे: लेकीच्या कॉलेजचा बास्केटबॉल संघ 'मार्च मॅडनेस'ला जाणार की नाही, हे नक्की कधी कळतं?

कृष्णाकाठ (3 फेब्रुवारी 2026)

नमस्कार मंडळी,

प्रश्न बास्केटबॉलचा, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या 'मार्च मॅडनेस' या राष्ट्रीय स्पर्धेचा आहे, पण घोडं अडलंय विमानाच्या तिकिटापाशी.

सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन 21 मार्चला सांगलीत आहे. 19 ला पाडवा, तोही घरीच करायचा बेत. मी आणि नवरा 14 ला न्यूअर्कहून निघतोय. लेक पेनसिल्व्हेनियात एका छोट्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिथल्या पेप बँडमध्ये (सामन्यांत संघाला चेव आणायला वाजवणारा बँड) ट्रम्पेट वाजवते. यंदा त्यांचा मुलांचा संघ कॉन्फरन्समध्ये (म्हणजे एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात) पहिला चाललाय. तेव्हा बाईसाहेबांचं म्हणणं, "आई, आम्ही कदाचित मार्च मॅडनेसला जाऊ, माझं तिकीट आत्ता काढू नकोस."

मी म्हटलं, पहिले आहात ना, मग जाणार का नाही ते सांग. तर म्हणे पहिलं असून काही होत नाही. मग दहावे असलात तर? तर म्हणे दहावेसुद्धा जाऊ शकतात. इथे मी हात टेकले.

मी स्वतः कॉलेजात खेळलेय हो. आमच्याकडे सरळ कारभार होता. आंतरमहाविद्यालयीन सामने व्हायचे, त्यातून वेगवेगळ्या कॉलेजांच्या मुली निवडून शिवाजी विद्यापीठाचा संघ व्हायचा, तो पश्चिम विभागाला जायचा, आणि विभागातले पहिले चार अखिल भारतीय आंतरविद्यापीठला. आम्ही पहिल्या चारात आलो नाही, पिशव्या उचलल्या, गाडी पकडली, विषय संपला. इथे म्हणे बारा जणांची समिती बंद खोलीत बसून ठरवते, आणि 15 मार्चच्या रविवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगतात. 15 ला कळून मी तिकीट कधी काढू? शिवाय ती कसलं तरी 'नेट' सांगत होती, त्यांचं 140 च्या आसपास आहे. नवऱ्याला विचारलं तर तो नेट रनरेट समजावायला बसला.

कुणी नीट सांगेल का?

---

ओहायोतला_ओक

ताई, लेक अगदी बरोबर सांगतेय. आणि तुमच्यासाठी चांगली बातमी म्हणजे 15 तारखेपर्यंत थांबायची गरज नाही. कसं ते सांगतो, जरा लांबण लागेल.

कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या, म्हणजे पहिल्या डिव्हिजनमध्ये साडेतीनशेहून जास्त कॉलेजं आहेत. यंदाच्या (2025-26) मुख्य स्पर्धेत जागा 68. या जागांना दोन दारं आहेत. पहिलं दार कॉन्फरन्सचं. यंदा 31 कॉन्फरन्स आहेत, प्रत्येकीचा एक विजेता थेट आत. याला ऑटो बिड म्हणतात. उरलेल्या 37 जागा अ‍ॅट लार्ज, म्हणजे समितीच्या मर्जीच्या. बारा जण ते हेच. ते कॉलेजांचे अ‍ॅथलेटिक डायरेक्टर आणि कॉन्फरन्सचे कमिशनर असतात. आपल्या कॉलेजचा विषय निघाला की त्या माणसाने खोलीबाहेर जायचं.

आता मेख अशी, की 'कॉन्फरन्सचा विजेता' म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत पहिला राहिलेला संघ नव्हे. मार्चच्या सुरुवातीला कॉन्फरन्सची स्वतःची छोटी बाद फेरी होते, ती जिंकणारा. आयव्ही लीगवाले बरीच वर्षं साखळीतल्या पहिल्या संघालाच पाठवायचे, 2017 पासून तेही बाद फेरी खेळवायला लागले. म्हणजे तुमच्या लेकीचा संघ दोन महिने पहिला राहिला, तर त्याचा फायदा बाद फेरीत सोपा प्रतिस्पर्धी आणि बहुधा घरचं मैदान, एवढाच. एक रात्र वाईट गेली की संपलं.

दहावा संघ जातो हेही खरं. 2024 ची एसीसी ही कॉन्फरन्स बघा. नॉर्थ कॅरोलायना स्टेट साखळीत दहावा होता, 17 विजय, 14 पराभव. समितीने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पठ्ठ्यांनी पाच दिवसांत पाच सामने जिंकले. उपांत्य फेरीत व्हर्जिनियाविरुद्ध शेवटच्या क्षणाला मारलेला तीनचा शॉट फळीवर आपटून आत गेला, सामना जादा वेळेत गेला, तोही जिंकले, मग अंतिम फेरीत शेजारच्या नॉर्थ कॅरोलायनाला हरवलं. तिथून थेट फायनल फोरपर्यंत, म्हणजे मार्च मॅडनेसच्या शेवटच्या चार संघांत!

---

बोरिवली_स्लो

आणि अशा संघामुळे दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते, त्याला इथे 'बिड थीफ' म्हणतात. त्याच वर्षी इंडियाना स्टेट बाहेर राहिलं. 28 विजय, 6 पराभव, नेटमध्ये 29 वे, आपल्या कॉन्फरन्समध्ये साखळीत पहिले. अंतिम सामना ड्रेककडून 84-80 ने हरले आणि समितीने बोलावलंच नाही. चष्मा लावून खेळणारा त्यांचा सेंटर रॉबी अविला अख्ख्या देशाचा लाडका झाला होता. मी त्या रविवारी टीव्हीसमोर बसून समितीचा उद्धार केलाय.

---

कृष्णाकाठ

29 वे असून बाहेर? मग आमचे 140 वाले काय, दारात चप्पलसुद्धा काढू देणार नाहीत. पण हे नेट मोजतात कसं?

---

ओहायोतला_ओक

एनसीएए इव्हॅल्युएशन टूल. एनसीएए म्हणजे इथले कॉलेजांचे खेळ चालवणारी संस्था. 2018-19 च्या हंगामापासून आलं, आधी आरपीआय नावाचं मोजमाप असायचं. कुणाशी खेळलात, कुठे खेळलात, किती कार्यक्षमतेने खेळलात, सगळं घालून दळायचं आणि पीठ म्हणून एक क्रमांक काढायचा. पण गंमत आहे, समिती तुमच्या क्रमांकापेक्षा तुमच्या प्रतिस्पर्ध्याचा क्रमांक जास्त बघते. सामन्यांचे चार गट करतात, क्वाड म्हणतात त्यांना. पहिल्या क्वाडचा विजय म्हणजे खरं सोनं. पहिल्या 30 तल्या संघाला घरी हरवा, पहिल्या 50 तल्या संघाला तटस्थ मैदानावर हरवा, किंवा पहिल्या 75 तल्या संघाला त्याच्या घरात जाऊन हरवा.

आता छोट्या कॉलेजाची पंचाईत बघा. पहिल्या 30 तलं कॉलेज तुमच्या दोन हजार खुर्च्यांच्या जिममध्ये कशाला येईल? ते तुम्हालाच पैसे देऊन आपल्याकडे बोलावतात आणि नोव्हेंबरात धुतात. 'बाय गेम' म्हणतात त्याला. लेकीला विचारा, दिवाळीनंतर त्यांचे असे दोन-तीन सामने झाले असतील.

---

कृष्णाकाठ

विचारलं. तीन झाले. एकात 38 गुणांनी हरले. त्या पैशांतून बँडला नवे स्वेटशर्ट मिळाले असा तिचा अंदाज आहे. 😀

---

बोरिवली_स्लो

उलट बाजूही सांगतो. मोठ्या कॉन्फरन्सवाल्यांना दर आठवड्याला क्वाड एकचे सामने आयते मिळतात. 2025 मध्ये नॉर्थ कॅरोलायना पहिल्या क्वाडमध्ये 13 पैकी एकच जिंकलं होतं, तरी आत घेतलं. वेस्ट व्हर्जिनिया बाहेर. समितीचे अध्यक्ष त्या वर्षी नॉर्थ कॅरोलायनाचेच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर. नियमाप्रमाणे ते चर्चेच्या वेळी बाहेर होते, पण लोक ऐकतात होय? वेस्ट व्हर्जिनियाच्या गव्हर्नरने पत्रकार परिषद घेऊन चौकशीची भाषा केली. आणि नॉर्थ कॅरोलायनाने पहिल्याच सामन्यात सॅन दिएगो स्टेटला 95-68 ने झोडपलं, त्यामुळे भांडणातली हवाच गेली.

---

ओहायोतला_ओक

विषयावर येतो. 140 क्रमांकाच्या संघाला दुसरं दार नाही, फक्त पहिलं. म्हणून ताई, तुमची तारीख 15 मार्च नाही, कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्याची रात्र आहे. छोट्या कॉन्फरन्सचे अंतिम सामने बहुतेक त्याच आठवड्यात आधी उरकतात. त्या रात्री हरले तर लेक मोकळी. उपांत्यपूर्व फेरीतच हरले तर आणखी आधी मोकळी. जिंकले तर 15 ला फक्त एवढंच कळेल की कुणाशी आणि कोणत्या गावी.

---

कृष्णाकाठ

देवा! हे एक वाक्य मला जानेवारीत हवं होतं. अंतिम सामना 10 मार्चला आहे.

पण आता उपप्रश्न. त्यांच्या कॉन्फरन्समध्ये दुसरा नंबर ज्यांचा आहे ते कॉलेज अलीकडेच डिव्हिजन टूमधून वर आलंय. लेक म्हणाली, त्यांच्याकडून हरलो तरी चालेल! मला वाटलं थट्टा करतेय.

---

टीनेकची_टपरी

थट्टा नाही. माझा आवडता किस्सा आहे हा, मी फेअरली डिकिन्सन विद्यापीठापासून (एफडीयू) दहा मिनिटांवर राहते.

2023 मध्ये आमचं एफडीयू अंतिम सामन्यात मेरिमॅककडून 67-66 ने हरलं. एका गुणाने. पण मेरिमॅक डिव्हिजन टूमधून आलेलं, आणि वर आल्यावर काही वर्षं राष्ट्रीय स्पर्धेत खेळता येत नाही असा नियम. करंडक त्यांचा, तिकीट आमचं. देशातला सगळ्यात बुटका संघ होता तो. आधी ओहायोतल्या डेटन गावी टेक्सस सदर्नला हरवलं, आणि दोन दिवसांनी परड्यूला, 63-58. परड्यू पहिल्या मानांकनाचं, त्यांच्याकडे सात फूट चार इंचांचा झॅक एडी. सोळाव्या मानांकनाच्या संघाने पहिल्याला हरवायची पुरुषांच्या स्पर्धेतली ती दुसरीच वेळ, पहिली 2018 ला यूएमबीसीने व्हर्जिनियाला. माझे यजमान झोपलेले, मी एकटी सोफ्यावर उभी.

पण थांबा, हे सगळीकडे असंच नसतं. 2022 मध्ये बेलरमाइनने त्यांची कॉन्फरन्स जिंकली, तेही नवखे, म्हणून अपात्र. तिथे जागा उपविजेत्या जॅक्सनव्हिलला नाही, तर साखळीत पहिल्या आलेल्या जॅक्सनव्हिल स्टेटला गेली. प्रत्येक कॉन्फरन्सचा आपापला नियम. तुमच्या कॉन्फरन्सची नियमावली त्यांच्या संकेतस्थळावर असेल, ती वाचा.

---

कृष्णाकाठ

वाचली. चाळीस पानं. आमच्यात साखळीतल्या पहिल्याला जागा मिळते. म्हणजे शेवटी पहिलं असण्याचा उपयोग आहे की! लेकीला कळवलं, तिने फक्त अंगठा पाठवला.

---

अर्धवट_राव

मूळ प्रश्नाला धरून: बँड जायलाच हवा का? 2024 मध्ये येलचा बँड सुट्टीमुळे स्पोकेनला जाऊ शकला नाही, तर आयडाहो विद्यापीठाच्या बँडने येलचे टीशर्ट घालून, त्यांचं गाणं शिकून वाजवलं. येलने ऑबर्नला 78-76 ने हरवलंसुद्धा.

---

कृष्णाकाठ

हे लेकीला सांगितलं. दोन मिनिटं गप्प होती, मग म्हणाली, "माझ्या जागी दुसरं कुणीतरी वाजवणार?" पुढे बोलले नाही. स्पर्धेत बँडच्या 29 च जणांना परवानगी असते, आणि तिला त्यात यायला ऑक्टोबरपासून घासावं लागलंय.

---

ओहायोतला_ओक

ताई, सोळावं मानांकन मिळालं तर बहुधा डेटनला 17 किंवा 18 तारखेला सामना. फर्स्ट फोर म्हणतात त्याला, 2011 पासून आहे: सर्वांत खालचे चार विजेते आणि काठावरचे चार अ‍ॅट लार्ज. डेटनला 17 लाच हरले, तर 18 ला निघून ती 20 ला सांगलीत पोचेल. जिंकले तर मात्र 19 किंवा 20 ला पुढचा सामना, मग सहस्रचंद्रदर्शन व्हिडिओ कॉलवर. डेटनला आली तर आमच्याकडे जेवायला पाठवा, मी तासाभरावर आहे.

---

कृष्णाकाठ (6 फेब्रुवारी 2026)

सगळ्यांचे आभार. 11 मार्चचं तिकीट काढलंय, तारीख बदलता येणारं. 180 डॉलर जास्त गेले. 10 च्या रात्री हरले तर ती आमच्याही तीन दिवस आधी सांगलीत.

काल सासूबाईंना फोनवर हे सगळं सांगितलं, जमेल तसं. क्वाड वगैरे वगळलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग मी कुणाकडून बोलायचं?" लेक स्पीकरवर होती. म्हणाली, आमच्याकडून बोल आज्जी. सासूबाई म्हणाल्या, बरं, 10 तारखेला गणपतीला जाऊन येईन.

धागा उघडा ठेवतेय, 10 ला रात्री निकाल इथेच टाकते.